चार बाजूंची मोजणी

गणित शिकवणाऱ्याला आमच्या भागात मान भरपूर आहे, गणिताला नाही. मी बारामतीत राहतो आणि शेळगावजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत शिकवतो. रोज मोटारसायकलवरून जाताना रस्त्याच्या कडेला क्लासवाल्यांचे फ्लेक्स दिसतात. त्यांवर पोरांचे फोटो आणि फोटोखाली गणितात शंभरपैकी शंभर. अशाच एका फ्लेक्सवरच्या पोराला मी एका लग्नात गाठलं आणि विचारलं, त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज एकशे ऐंशीच का येते? तो म्हणाला, "सर, ते प्रमेय आहे." मी म्हटलं, "आहे ना, पण का?" तो म्हणाला, "तीन मार्काला येतं म्हणून." त्याचे वडील शेजारीच उभे होते. पोरानं सरांना पटापट उत्तरं दिली या आनंदात त्यांनी वाढप्याला बोलावून मला आणखी एक जिलबी वाढायला लावली.

सिद्धतेचं आम्ही काय करून ठेवलंय ते बाहेरच्या माणसाला सांगून पटायचं नाही. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता हे पोरं आरतीसारखं म्हणतात, आणि आरतीतल्या शब्दांचा अर्थ जसा कुणी विचारत नाही, तसा याचाही विचारत नाही. एकदा मी नववीच्या फळ्यावर एबीसीऐवजी पीक्यूआर त्रिकोण काढला, तर पहिल्या बाकावरची हुशार पोरं पेन खाली ठेवून बसली. "सर, हा आपल्याला नाही." परीक्षेत तर आता सिद्धतेच्या मधेमधे रिकाम्या चौकटी छापून येतात आणि पोरांनी त्यात एकेक शब्द भरायचा असतो. सगळा विचार छापणाऱ्यानं करून ठेवलेला, पोरांच्या वाट्याला चौकटी. याला म्हणायचं कृती. मी स्टाफरूममध्ये म्हणालो, या हिशोबानं विहिरीच्या काठावर उभं राहून हात हलवणाऱ्यालाही पोहता येतं म्हणायला हवं. कुणी हसलं नाही. चौकट तपासायला सोपी जाते, त्यामुळं ती सगळ्यांनाच आवडते.

म्हणून मी मुद्दाम आठवीचा वर्ग मागून घेतला. नववीत गेलेलं पोर हातातून गेलेलं असतं, आठवीतलं अजून भांडतं. भांडता येणाऱ्याला सिद्धता शिकवता येते असं माझं मत आहे, आणि भांडायला आमच्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. मी पोरांना सांगितलं, घरात सगळे खरं मानतात असं गणितातलं एक वाक्य आणा. बाकीच्यांनी ते मोडायचं. मोडायला एक उदाहरण पुरे. मोडलं नाही, तर का मोडत नाही ते आणणाऱ्यानं सांगायचं. "सगळेच असं करतात" हे कारण धरलं जाणार नाही.

मुख्याध्यापक दारात येऊन उभे राहिले. पाच मिनिटं ऐकलं आणि मला बाहेर बोलावून विचारलं, "हे बोर्डाला येतं का?" मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "मग?" या "मग"वर आमचं अख्खं शिक्षण उभं आहे, त्यामुळं त्यांना दोष देण्यातही अर्थ नाही. मी हसलो आणि वर्गात परत गेलो.

पहिल्या आठवड्यात जो माल आला तो सांगण्यासारखा नव्हता. एकानं चुलतीकडून आणलं की अमावस्येला लावलेली मिरची लागत नाही. त्याला म्हटलं, हे गणित नव्हे, तुझ्या चुलतीला सांग. दुसऱ्यानं आणलं की गुणलं की संख्या वाढते. ते अर्ध्यानं गुणून एका पोरीनं मिनिटात मोडलं, आणि ती पोरगी उरलेला तास बाकावर राणीसारखी बसली. मग एक दिवस दुसरी एक पोरगी उठली. काटक, आवाज चढा, मार्कांत मधेच कुठंतरी. तिच्या घरी ऊस आणि थोडा भाजीपाला. तिचे आजोबा, सगळ्या गावाचे आबा, गावातली रानं मोजायचे. ऊसलागणीची टोळी आली, ठिबक टाकायचं असलं, भावाभावांत घरातल्या घरात वाटणी करायची असली, की टेप घेऊन आबा यायचे. टेपचं दुसरं टोक ही नात धरायची. सरकारी मोजणीला अर्ज करून वाट बघत बसण्यापेक्षा आबा परवडायचे, शिवाय त्यांचा शब्द कुणी मोडत नसे.

ती म्हणाली, "सर, आमच्या आबांची रीत. चौकोनी रानाच्या समोरासमोरच्या बाजू मिळवून निम्म्या करायच्या. दुसऱ्या दोन बी तशाच. आन दोनींचा गुणाकार. ही मोडून दावा."

वर्ग हसला. हे मोडणार कोण? प्रत्येकाच्या घरी हेच होतं. खरं सांगायचं तर आमच्या शाळेचे दोन शिक्षकही आपापली रानं असंच मोजतात, आणि त्यांतला एक भूमिती शिकवतो.

मी दुसऱ्या दिवशी ठिबकच्या जुन्या नळीचे चार तुकडे आणायला सांगितले. असले तुकडे आमच्याकडं प्रत्येकाच्या गोठ्यामागं पडलेले असतात. दोन लांब, दोन आखूड. आतून सुतळी ओवली, गाठ मारली आणि टेबलावर आयत ठेवला. "आबांच्या रीतीनं क्षेत्र काढा." काढलं. मग मी एक कोपरा धरून आयत जरा कलवला. "आता?" तेवढंच. आणखी कलवला. तेवढंच. मग इतका दाबला की नळ्या एकमेकींना चिकटल्या आणि आत बोट घालायला जागा राहिली नाही. चारही बाजू होत्या त्याच होत्या. आबांच्या रीतीनं रान अजून तेवढंच भरत होतं.

"सर, आता ह्यात लावायचा तर एकच ऊस मावंल, त्यो बी उभा," एक पोरगा म्हणाला. सगळे हसले. ती हसली नाही. तिनं माझ्या हातातून नळ्या घेतल्या, दोनदा दाबून बघितल्या आणि जागेवर जाऊन बसली. आबांची रीत मिरवायला आणली होती आणि ती सगळ्यांसमोर मोडली, याचा राग तिच्या तोंडावर सरळ दिसत होता.

असा राग आला की बहुतेक पोरं विषय सोडतात. हिनं उलटं केलं. तीन-चार दिवसांनी मधल्या सुट्टीत माझ्यापुढं येऊन उभी राहिली. "आबा चुकत असतील तर कितीनं आन कुठल्या बाजूला, त्ये बघत हुते," म्हणाली. मग तिनं जे सांगितलं ते मी इथं तिच्याच क्रमानं लिहितो, कारण एवढ्या वर्षांत मला कुणी विद्यार्थ्यानं दिलेली ती पहिली खरी सिद्धता होती.

चौकोनी रानात एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात रेघ मारायची. दोन त्रिकोण होतात. त्रिकोणाचं क्षेत्र म्हणजे पाया गुणिले उंची, त्याचं निम्मं. उंची सरळ उभी असते, शेजारची बाजू कललेली. कललेली बाजू उभ्या उंचीपेक्षा कधीच लहान नसते. तेव्हा उंचीच्या जागी बाजू धरली तर क्षेत्र तेवढंच राहील किंवा वाढेल, कमी होणार नाही. आता पहिली रेघ पुसून उरलेल्या दोन कोपऱ्यांतून मारायची आणि पुन्हा तेच. दोन्ही वेळची उत्तरं मिळवून निम्मी केली की आबांची रीत जशीच्या तशी समोर येते. म्हणजे ती रीत रान कधीही कमी दाखवत नाही. चारही कोपरे काटकोनात असतील तर बरोबर, नाहीतर नेहमी आहे त्यापेक्षा जास्त.

मला झालेला आनंद मी लपवला नाही. स्टाफरूममध्ये जाऊन कागद दाखवला. भूमिती शिकवणारे म्हणाले, "गाईडात कुठं आहे हे?" मी म्हटलं, कुठंच नाही. त्यांनी कागद परत दिला. पालथ्या घड्यावर पाणी.

ती मात्र तिथं थांबली नव्हती. तिच्या घरची वाटणी आदल्या वर्षीच झाली होती, आणि मोजणी आबांनीच केली होती. तिच्या वडिलांकडं पाण्याच्या चारीच्या कडेचं रान आलं, जवळजवळ काटकोनातलं. धाकट्या चुलत्याकडं ओढ्याकडेचं, चांगलंच तिरकं. आबांच्या रीतीनं दोन्ही अगदी सारखी भरली होती, दोघा भावांनी आबांच्या पाया पडून बांध घातला होता. आता तिची सिद्धता सांगत होती की चुलत्याचं रान कमी आहे आणि तिच्या बापाचं जास्त.

"सर, घरी सांगू का?" तिनं विचारलं.

"खरं आहे का?"

"व्हय."

"मग मला काय विचारतेस?"

तिला वाटणीशी काही देणंघेणं नव्हतं, हे मला त्यानंतर कुणालाही पटवता आलेलं नाही. जन्मापासून जिनं आबांच्या टेपचं टोक धरलं, तिला आबांनी एकदा "बरोबर हाय" म्हणायला हवं होतं. बाकीचं जग तिच्या लेखी नव्हतं. ती घरी गेली, पडवीत सगळे बसलेले असताना आबांसमोर नळ्या मांडल्या आणि सिद्धता सांगितली. आबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पुस्तकातलं रान येगळं, आन आपलं येगळं." मग ते उठून गोठ्याकडं गेले. त्यांच्या मागं तिच्या वडिलांनी तिला काय म्हटलं ते तिनं मला सांगितलं नाही. आईनं मात्र म्हटलं होतं, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ते तिनं सांगितलं.

वडील शाळेच्या समितीवर होते. त्यामुळं फोन आधी मुख्याध्यापकांना गेला आणि मग मुख्याध्यापक घाम पुसत माझ्याकडं आले. "अहो, चौकटी भरून घ्यायच्या सोडून तुम्ही लोकांच्या बांधावर कशाला जाता?" त्या माणसाच्या तोंडून निघालेलं हे मला आठवणारं एकमेव नेमकं वाक्य.

रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. चहा झाला. वडील, चुलता, आबा बसलेले, पोरगी दाराच्या चौकटीला टेकून उभी. वडील म्हणाले, "सर, पोरगी म्हणती माझ्याकडं रान जास्त आलंय. ह्ये तुमी शिकवलं का?"

"मी नाही. तिनं शोधून काढलं. आणि बरोबर आहे."

मी त्या घरात भांडण व्हायची वाट बघत होतो. माझी अपेक्षा साधी होती: वडील चिडतील, चुलता खूश होईल, आबा मधे पडतील. माणसं निदान स्वार्थ तरी सरळ ओळखतील असं मी धरून चाललो होतो. चुलत्यानं खुर्ची पुढं ओढली आणि मला विचारलं, "सर, खरं सांगा. ओढ्याकडनं रस्ता निघणार हाय का?"

"कसला रस्ता?"

"मग दादाला माझं रान कशापायी पायजे?"

मी सांगितलं, तुमचं रान कुणालाच नको आहे. उलट तुम्हाला मिळायचं आहे, चार-पाच गुंठे तरी. चुलता माझ्याकडं असा बघत राहिला, जसं बाजारात फुकट म्हैस देणाऱ्याकडं बघतात. "आपल्याच घरचं कमी करून दुसऱ्याला द्या म्हणती? पोरगी येवढी साधी न्हाय. ह्यात काय तरी डाव हाय."

पोरगी दारातून म्हणाली, "काका, ठिबक टाकलं तवा तुमाला आमच्यापेक्षा नळी कमी का लागली?"

चुलता खूश झाला. "मी हुबा ऱ्हाऊन काम करून घेतलं म्हणून. तुझा बाप मोकळं सोडतो, त्येची नळी वाया जाती." आणि माझ्याकडं वळून म्हणाला, "माझं रान बरोबर हाय सर. एक गुंठाबी कमी न्हाय. आबांनी मोजलंय."

वडील लगेच म्हणाले, "ऐकलं ना सर? ज्येचं कमी हाय म्हणताय, त्योच न्हाय म्हणतोय."

वाटणी झाल्यापासून त्या दोघा भावांचं एकाही गोष्टीवर एकमत झालं नव्हतं, गावाला माहीत होतं. त्या दिवशी झालं. नुकसान ज्याचं होतं त्यानंच ते नाही म्हटलं, फायदा ज्याचा होता त्यानं त्याला दुजोरा दिला, आणि सिद्धता खोटी ठरली. मी गणित शिकवतो, मला राग आवरत नाही. मी म्हणालो, "तुमच्या दोघांच्या सह्यांनी समजा दोन आणि दोन पाच झाले, तरी ऊस चारच एकरात उगवेल." वडिलांनी आणखी चहा आणायला सांगितला. आमच्याकडं वाद संपला हे जाहीर करायची ही पद्धत आहे.

मी निघताना पोरगी आबांकडं बघत होती. आबा कोपऱ्यातल्या त्या नळ्यांच्या चौकोनाकडं बघत होते. तो फेकून द्यायचा राहिला होता.

पुढच्या आठवड्यात तिला बारामतीच्या क्लासला घातलं. "गणिताचा पाया कच्चा हाय," असं वडिलांनी मला सांगितलं, आणि माझ्याकडं न बघता सांगितलं एवढीच त्यांची लाज. क्लासमधून ती छापील सिद्धतांचं जाड पुस्तक घेऊन आली. चाचणीत तिनं चौकटी भरल्या आणि तिला पैकीच्या पैकी मिळाले. मुख्याध्यापक म्हणाले, "बघा, कशी सुधारली." वर्गात ती गप्प बसायला लागली. पोरांनी आणलेली वाक्यं ती आता मोडत नसे. मी एकदा तिला विचारलं तर म्हणाली, "मोडून काय करायचं सर? मोडलं तरी लोकं त्येच करत्यात." तेरा वर्षांच्या पोरीच्या तोंडी हे आलं, आणि ते तिच्या तोंडी घालण्यात एवढी कर्ती माणसं खपली होती.

थंडीत लागणी सुरू झाल्या. एका संध्याकाळी शाळेतून परतताना रस्त्यालगतच्या एका रानात मला आबा दिसले. पोरगी टेपचं टोक धरून होती. दोघांनी चारही बाजू मोजल्या, मग ती या कोपऱ्यात थांबली आणि आबा ढेकळांतून तोल सावरत सरळ समोरच्या कोपऱ्याकडं चालत गेले. मी गाडी थांबवली. चार बाजूंच्या जोडीला ही मधली रेघ मोजली की दोन त्रिकोण पक्के होतात आणि रान खरं भरतं. रानाचा मालक बांधावरून ओरडला, "आबा, आवो मधनं कशाला?"

"नजर कमी झालीया," आबा म्हणाले. "मधनं एकदा बघितलं म्हंजी खात्री हुती."

आयुष्यभर आबांनी कधी खोटं मोजलं नाही असं गाव म्हणतं. म्हातारपणी त्यांना खरं मोजण्यासाठी खोटं बोलावं लागत होतं. मी खाली उतरून बांधावर गेलो. आबांना नमस्कार केला आणि माझ्या स्वभावाप्रमाणं म्हणालो, "आबा, सगळ्या गावाचं मधनं होतंय. घरचंही एकदा होऊन जाऊ दे की."

आबा टेपवरची माती पुसत होते. म्हणाले, "मास्तर, मोठ्या मुश्किलीनं दोघं पोरं आता एका पंगतीला बसाय लागल्यात. राहू द्या."

हे वाक्य गावात कुणीही ऐकलं असतं तर मान डोलावली असती. मला मात्र चीड आली. चूक झाकायची वेळ आली की आम्ही माणुसकी पांघरतो, आणि ती नेहमी चुकीच्याच मापाची निघते. मी काहीतरी बोलणार होतो.

तेवढ्यात पोरगी टेपचं टोक हातात घेऊन आमच्याजवळ आली. आवाज चढवला नाही, रडवेली झाली नाही. वर्गात बोलायची तसं सरळ म्हणाली, "त्ये एका पंगतीला बसत्यात, आबा. पण काकाचं रान कमीच हाय."

आबांनी तिच्याकडं बघितलं. बांधावर मालक होता, मी होतो.

"व्हय," आबा म्हणाले. "कमीच हाय." आणि टेप गुंडाळून खिशात घालून ते घराकडं चालायला लागले.